भोर, वेल्हे आणि यंत्राची अक्षरओळख

भोर संस्थान 1948 साली विलीन झाल्यावर मोडीचे रुमाल मागे पडत गेले आणि भोर-वेल्ह्याच्या कचेऱ्यांतील दप्तर बाळबोधीत स्थिरावले. परंतु कागदावरून संगणकाकडे जाताना या बाळबोधीला आणखी एक दीर्घ संक्रमण सोसावे लागले, आणि त्याचा निर्णायक भाग दाबलेली कळ टिपून ओळ सिद्ध करणाऱ्या व ती पुढील आज्ञावलीच्या हवाली करणाऱ्या टर्मिनलच्या अंतर्गत व्यवस्थेत घडला.

युनिक्समधील ही व्यवस्था सात बिटांच्या आस्की संकेतावर पोसलेली होती, आणि आठवा बिट छाटून टाकण्याची तरतूदही तीत होती. कानपूरच्या आयआयटीत उगम पावलेल्या व पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्राने, तसेच 1991 च्या इस्की मानकाने, देवनागरीला स्थान दिले ते नेमके या आठव्या बिटाच्या आश्रयाने. तो छाटला गेला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उरत. तथापि प्रत्येक चिन्हास एकच बाइट असल्याने ‘भोर’ तीन बाइटांत व ‘वेल्हे’ सहा बाइटांत मावे, आणि खोडण्याची कळ एका दाबात एक चिन्ह बिनचूक काढी.

इस्कीच्या पूर्वरूपावर आधारलेली देवनागरीची मांडणी 1991 साली युनिकोडमध्ये आली, आणि 1992 साली केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-8 रचले. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे झाल्यामुळे ‘भोर’ नऊ व ‘वेल्हे’ अठरा बाइटांचे झाले. जुनी व्यवस्था मात्र एका दाबाला एकच बाइट काढीत असल्याने चिन्हाचे भग्न अवशेष ओळीत राहत. 2004 साली लिनक्सच्या 2.6.4 आवृत्तीत यासाठी स्वतंत्र निशाणी आली, आणि तेव्हापासून चिन्हाचे तिन्ही बाइट एकत्र खोडले जाऊ लागले.

तरीही काम अपुरेच आहे. ही व्यवस्था प्रत्येक चिन्हास एक रकाना धरते, मात्रेला मात्र पडद्यावर स्वतंत्र रकाना नसतो. त्यामुळे ‘वेल्हे’मधील शेवटची मात्रा खोडताच पडद्यावरून ‘ह’ही पुसला जाऊ शकतो, स्मृतीत मात्र तो शाबूत राहतो. शेलसारख्या आज्ञावल्या ओळीचे संपादन स्वतःच करून ही अडचण टाळतात. साध्या आदानात ती कायम आहे.

सातबाऱ्यावरील नावात एका वेलांटीचाही फरक पडला की ज्यांना दुरुस्तीचे अर्ज करावे लागतात, त्या आपल्या लोकांना ही उणीव क्षुल्लक वाटू नये. लिनक्सचा मूळ संकेत सर्वांस खुला आहे. मराठी अभियंत्यांनी हे उरलेले काम आपले मानून हाती घ्यावे.