किती खायचे, हे कोणी ठरवायचे?

मधल्या सुट्टीत डबे उघडले की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येते : "डबा संपवल्याशिवाय उठायचे नाही." घरीही तेच चालते. एक घास काऊचा, एक घास चिऊचा करत पोट भरलेल्या बाळाच्या तोंडात आणखी चार घास जातात. या सगळ्यामागे आपले एक गृहीतक असते : किती खायचे ते मुलांना कळत नाही, मोठ्यांना कळते. हे खरे आहे का?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात हे तपासायला घेतले. अंगावरचे दूध नुकतेच सोडवलेली, सहा ते अकरा महिन्यांची १५ मुले त्यांनी देखरेखीखाली ठेवली. यादीत ३४ पदार्थ होते : दूध, फळे, भाज्या, धान्ये, अंडी, मांस, मासे. सारे साधे, ताजे. साखर नाही, डबाबंद काही नाही. मीठसुद्धा वेगळ्या भांड्यात. प्रत्येक जेवणाला यांतले काही पदार्थ मुलासमोर मांडले जात. परिचारिका चमचा घेऊन गप्प बसे. मुलाने हात पुढे केला तरच ती घास देई. आग्रह नाही, शाबासकी नाही, रागावणेही नाही.

मुलांचे जेवण विचित्र दिसे. कोणी न्याहारीला संत्र्याचा भरपूर रस आणि यकृत घेई, तर कोणी रात्री अनेक अंडी, केळी आणि दूध! कोणत्याही दोन मुलांचा आहार सारखा नव्हता. तरीही सर्वांची वाढ चांगली झाली. एका मुलाला मुडदूस होता. त्याच्यासमोर कॉडलिव्हर तेलही ठेवले होते. मुडदूस बरा होईपर्यंत तो ते अधूनमधून पीत राहिला आणि पुढे त्याने ते सोडून दिले.

मग काय, मुलांना शरीराची गरज उपजतच कळते? इथे घाई करू नये. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि मुलांची संख्याही लहान होती. शिवाय अर्भकांना असे आईपासून दूर ठेवणे आज कोणी मान्य करणार नाही. खुद्द डेव्हिस यांनी १९३९ मध्ये स्पष्ट केले, की खरी मेख त्या यादीत होती. वाईट निवड करायला वावच नव्हता! प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून पुढचा प्रयोग करण्याचा त्यांचा विचार होता; तो आर्थिक मंदीमुळे राहून गेला.

"काय" खायचे हा प्रश्न असा अर्धवट राहिला. "किती" खायचे याचे उत्तर मात्र पुढे अधिक स्पष्ट झाले. १९९१ मध्ये लीअन बर्च व सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचे खाणे मोजले. एकेका जेवणातील उष्मांक सरासरीच्या सुमारे ३४ टक्क्यांनी कमी-जास्त होत. दिवसभराच्या बेरजेतला फरक मात्र सुमारे १० टक्केच होता. म्हणजे दुपारी कमी खाल्लेले मूल पुढच्या जेवणात ते भरून काढत होते. आपण एकच जेवण पाहतो आणि चिंता करतो!

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात कामाची सोपी वाटणी सांगितली. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. विश्वास टाकणे म्हणजे जबाबदारी सोडणे नव्हे. चांगले ताट मांडण्याचे काम आपलेच राहते.

शाळेत हे सहज करता येईल. मध्यान्ह भोजनात आधी थोडे वाढावे आणि पुन्हा मागायला मोकळीक द्यावी. अन्न वाया जाऊ नये, ही आपली इच्छा त्यानेही साधते. नवी भाजी एकदा नाकारली म्हणजे नावडती ठरत नाही. आठ-दहा वेळा चव मिळाल्यावर ती आवडूही लागते. मात्र "भाजी संपव, मग गोळी देतो" असा सौदा करू नये. त्यातून भाजी शिक्षा ठरते आणि गोळी बक्षीस.

आणि एक मूल तीनतीनदा मागून खात असेल, तर त्याला हावरट म्हणण्यापूर्वी ते सकाळी घरून काही खाऊन आले होते का, एवढे आपण विचारावे. त्याचे पोट कदाचित खरेच सांगत असेल.