मॅक्रो अडतो तेव्हा...

बँकेच्या नोकरीत अगदी उमेदवारीच्या दिवसांत एक शिस्त अंगी बाणवली गेली होती. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर कोणीही घरी जायचे नाही. फरक दहा रुपयांचा असो वा दहा हजारांचा, तो पदरमोड करून भरण्याची मुभा नव्हती. "रक्कम भरून निघेल, पण कारण तसेच राहील आणि उद्या पुन्हा दारात उभे राहील," असे आमचे शाखाधिकारी म्हणत. निवृत्तीनंतर हा धडा मी विसरलो. तो पुन्हा शिकवला आमच्या गृहरचना संस्थेच्या संगणकाने, आणि त्याची शिक्षा मात्र दुसऱ्यांनाच भोगावी लागली. आज घरोघरी, संस्थांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत हिशेबाची कामे एक्सेलवर चालतात. म्हणून हा अनुभव वाचकांपुढे मांडावासा वाटला.

आठवे देयक

आमच्या संस्थेत १२० सदनिका आहेत. खजिनदारपद माझ्याकडे आले तेव्हा त्यासोबत एक एक्सेलची फाइलही वारशाने आली. संस्थेतल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ती तयार केलेली होती आणि एप्रिल २००१ पासून ती विनातक्रार चालत होती. बटण दाबले की पडद्यावर फॉर्म उघडे. महिना निवडला की देखभाल शुल्काची १२० देयके ओळीने छापून निघत. सभासदाचे पैसे आले की दुसऱ्या फॉर्ममध्ये देयक क्रमांक आणि रक्कम भरायची. नोंद आपोआप योग्य ओळीत जाई.

पडद्यामागे हे काम करणाऱ्या सूचनांच्या मालिकेला मॅक्रो म्हणतात. ज्या भाषेत या सूचना लिहिल्या जातात ती व्हीबीए. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ती आली आणि एक्सेल ९७ पासून आज दिसतात तसे 'युजरफॉर्म' बनवण्याची सोय झाली.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे बटण दाबले. सात देयके निघाली आणि आठव्याला पडद्यावर एक चौकट उभी राहिली : 'रन-टाइम एरर ६ : ओव्हरफ्लो'. खाली 'एंड' आणि 'डीबग' अशी बटणे होती. मी 'एंड' दाबले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच चौकट. शेजारचा एक उत्साही तरुण मदतीला आला. त्याने मॅक्रोच्या सुरुवातीला एकच ओळ टाकली : 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे चूक झाली तरी थांबू नकोस, पुढच्या ओळीवर जा. यंत्र मुकाट चालू लागले. उरलेली ११३ देयके भराभर छापून निघाली. मी त्याला चहा पाजला आणि समाधानाने घरी गेलो.

पासबुक घेऊन आलेल्या आजी

फेब्रुवारीत थकबाकीच्या सूचना गेल्या. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून कार्यालयात आल्या. निवृत्तिवेतनावर एकट्या राहणाऱ्या या बाईंनी आजवर एकही देयक थकवले नव्हते. त्यांच्या हातात व्याजासह थकबाकीची सूचना होती आणि दुसऱ्या हातात पासबुक. धनादेश ९ जानेवारीलाच वटलेला होता. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, माझं नाव सूचनाफलकावर लावू नका. मी पैसे भरलेत." त्या वाक्याने मी खजील झालो. तोवर आणखी काही सभासद जिन्याशी येऊन उभे होते.

त्या रात्री मी बँक जुळवणी पत्रक करायला बसलो. बँकेतील शिल्लक आमच्या वहीपेक्षा बरीच जास्त होती. पैसे आले होते, नोंदी हरवल्या होत्या. मग देयकांच्या प्रती काढल्या आणि कारण डोळ्यांसमोर आले. सातव्यापासून शेवटच्यापर्यंत ११४ देयकांवर एकच क्रमांक होता : ३२,७६७. भरणा नोंदवताना मॅक्रो तो क्रमांक वरून शोधत येई आणि जी पहिली ओळ सापडे तिच्यात, म्हणजे सातव्या सभासदाच्या खात्यात, मागची नोंद पुसून पुढची लिही.

३२,७६७ हाच क्रमांक का?

व्हीबीएमध्ये संख्या ठेवण्यासाठी आधी तिचे भांडे ठरवता येते. 'इंटिजर' नावाचे भांडे १६ बिटांचे असते. त्यात उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच्या पूर्ण संख्या मावतात. फाइल करणाऱ्या मुलाने देयक क्रमांकासाठी हेच भांडे वापरले होते. दरमहा १२०, वर्षाला १,४४० देयके. २२ वर्षे ९ महिन्यांत ३२,७६० देयके झाली आणि पुढच्या महिन्याच्या सातव्या देयकाला भांडे काठोकाठ भरले. आठवे त्यात मावेना. 'ओव्हरफ्लो' म्हणजे ओसंडणे. यंत्राने शब्दशः खरे तेच सांगितले होते.

उपाय एका शब्दाचा होता. 'इंटिजर' पुसून तेथे 'लाँग' लिहिले. या भांड्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचे आकडे मावतात. आमच्या संस्थेला ते चौदा लाख वर्षांहून अधिक काळ पुरेल! आकडे दुरुस्त करायला मात्र मला तीन आठवडे लागले.

आपल्यापैकी अनेकांना उचंत खाते परिचित आहे. न जुळणारी रक्कम तात्पुरती तेथे ठेवणे गैर नाही. ती तेथेच विसरणे गैर. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही सूचना नेमकी तशीच आहे. एखादी फाइल जागेवर आहे की नाही, एवढ्या तपासणीपुरती ती वापरावी, लगेच चूक झाली का ते पाहावे आणि 'ऑन एरर गो टू झीरो' लिहून ती बंद करावी. संपूर्ण मॅक्रोवर ती पांघरली, की पुढच्या सर्व चुका उचंत खात्यात जातात आणि ते खाते कोणीच उघडत नाही.

चौकट वाचावी कशी?

मॅक्रो अडला की प्रथम फाइलची प्रत करावी आणि प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. नंतर चूक क्रमांक आणि आपण त्या क्षणी काय करत होतो, हे कागदावर टिपून घ्यावे. नेहमी भेटणारे क्रमांक थोडेच आहेत. ९ म्हणजे मागितलेली वस्तू यादीत नाही. बहुधा कोणीतरी पानाचे नाव बदललेले असते किंवा नावाच्या शेवटी एक मोकळी जागा शिरलेली असते. १३ म्हणजे जेथे आकडा हवा तेथे अक्षरे आली. ९१ म्हणजे जी वस्तू वापरायची ती हाती आलेलीच नाही. शोध घेतला, काही सापडले नाही, तरी सापडले असे धरून मॅक्रो पुढे गेला. १००४ ची कारणे अनेक. कुलूपबंद पानावर लिहिण्याचा प्रयत्न हे त्यांपैकी एक.

यानंतर 'एंड'ऐवजी 'डीबग' दाबावे. अडलेली ओळ पिवळी दिसते. तिच्यातील नावावर माऊसचा बाण नेला की त्या क्षणीची किंमत दिसते. मी जानेवारीतच हे केले असते, तर ३२,७६७ हा आकडा दोन मिनिटांत दिसला असता. 'एफ-८' ही कळ दाबत गेल्यास मॅक्रो एकेक ओळ चालतो आणि गडबड कोठे होते ते डोळ्यांनी पाहता येते. प्रत्येक मॅक्रो-पानाच्या आरंभी 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' लिहावे. म्हणजे नावातील एखाद्या अक्षराची चूकही काम सुरू होण्याआधीच पकडली जाते.

फॉर्मच्या बाबतीत एक चकवा आहे. दोष फॉर्मच्या आत असतो, पण पिवळी होते ती फॉर्म उघडणारी बाहेरची ओळ. माणूस तेथेच डोके आपटत बसतो. व्हीबीएच्या खिडकीत 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'जनरल' येथे जाऊन 'ब्रेक इन क्लास मोड्यूल' हा पर्याय निवडला, की फॉर्ममधील खरी ओळ समोर येते.

न अडणाऱ्या चुका

फॉर्मच्या चौकोनात भरलेले सर्व काही यंत्राच्या लेखी मजकूर असते. १०० आणि ५० हे दोन चौकोन अधिक चिन्हाने जोडले, तर उत्तर १५० न येता १००५० येते. 'व्हॅल' नावाचे सूत्र तर स्वल्पविरामापाशीच वाचन थांबवते. १,२५,००० लिहिले की ते १ समजते! तेथे 'सीडबल' वापरावे, मात्र त्याआधी चौकोन रिकामा नाही ना आणि त्यात खरोखर आकडाच आहे ना, हे तपासून घ्यावे. अन्यथा १३ क्रमांकाची चूक ठरलेली.

तारखांचेही तसेच. फॉर्ममधील ०३/०४/२०२४ हा मजकूर मॅक्रोने तसाच पानावर लिहिला, तर तो अमेरिकी पद्धतीने, म्हणजे ४ मार्च असा वाचला जातो. तेरावा महिना नसल्याने १३ तारखेपासून पुढे ही अदलाबदल होत नाही. त्यामुळे घोटाळा लवकर लक्षातही येत नाही. 'सीडेट'ने आधी तारीख करून घेऊन मग ती लिहावी.

दोष आपला नसतो तेव्हा

कधीकधी फाइल निर्दोष असते आणि भोवतालचे बदललेले असते. डिसेंबर २०१४ मधील एका सुरक्षा-सुधारणेनंतर जगभरातील अनेक एक्सेल फाइलींमधील बटणे व चौकोन काम करेनासे झाले. तात्पुरत्या फोल्डरमधील 'ईएक्सडी' प्रकारच्या जुन्या फाइली काढून टाकणे हा त्यावरील उपाय होता. ऑफिस २०१० पासून तारीख निवडण्याचे जुने कॅलेंडर त्यात राहिले नाही. त्याच आवृत्तीपासून ६४ बिटांचे ऑफिसही आले. त्यात विंडोजची मदत घेणाऱ्या जुन्या ओळी 'पीटीआरसेफ' हा शब्द जोडल्याशिवाय चालत नाहीत. 'टूल्स' मधील 'रेफरन्सेस' यादीत 'मिसिंग' असा शेरा दिसला, तर हरवलेला भाग कोणता ते लगेच कळते.

२०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधील मॅक्रो आपोआप रोखले जातात. ही अडवणूक आपल्या हिताची आहे. फाइल कोणाकडून आली याची खात्री असेल, तरच ती उठवावी. बँकेच्या नावाने ई-मेलने आलेली आणि 'मॅक्रो चालू करा' असे सांगणारी फाइल तर उघडूच नये.

थांबणे हीच सावधगिरी

न थांबता चुकणारी फाइल किती घात करू शकते, हे इंग्लंडने २०२० साली अनुभवले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या. प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे कारण होते एक्सेलचा जुना फाइल-प्रकार. त्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ च्या आवृत्तीपासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. रुग्णांना त्यांचे निदान कळवले गेले होते, पण त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला.

आमची चूक त्यापुढे किरकोळ होती, पण ज्यांच्या दारात थकबाकीची सूचना गेली त्यांच्यासाठी ती किरकोळ नव्हती. समितीने सर्वांचे व्याज रद्द केले आणि सूचनाफलकावर दिलगिरीचे पत्र लावले. आजींच्या घरी मी स्वतः जाऊन आलो.

आता देयके छापण्यापूर्वी आमचा मॅक्रो तीन गोष्टी पडताळतो : देयके १२० आहेत का, क्रमांक १२० आणि वेगवेगळे आहेत का, आणि एकूण रक्कम अपेक्षेइतकी आहे का. यांपैकी एकही जुळले नाही, तर तो स्वतःहून थांबतो आणि कारण मराठीत सांगतो. महिनाअखेरीस पासबुकाशी मेळ घातल्याशिवाय थकबाकीची एकही सूचना बाहेर जात नाही. गेल्या वर्षी तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा मी चहा बाजूला ठेवला आणि आधी चौकट वाचली.