मानिनीची नजर

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. नाथषष्ठी आणि पैठणी यांमुळे हे गाव घरोघरी माहीत आहे. प्रेमकथांची आवड असलेल्यांनी मात्र त्याला आणखी एका कारणासाठी हात जोडावेत. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच, आणि त्याच वंशातल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या, दोन-दोन ओळींच्या सुमारे ७०० सुट्या गाथा.

यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत. गोदाकाठच्या या बायका मैत्रिणीपाशी, मामीपाशी मन मोकळं करतात आणि विषय बहुधा ‘तो’ असतो. तो चुकला, तो परगावी गेला, तो परतला. दोन ओळींत त्याचा स्वभाव पालटायला जागा कुठली? पालटते ती तिची नजर. रुसून बसायचं पक्कं ठरलेलं असतं आणि तो दारात दिसताच निश्चय गळून पडतो. भांडून ज्याला घालवला, त्याच्याच वाटेकडे मग डोळे लागतात. भरताच्या नाट्यशास्त्रात अशा नायिकेला ‘कलहान्तरिता’ म्हटलं आहे. तिच्या रुसव्यासाठी गाथांमधला शब्द आहे ‘माण’, म्हणजेच मान.

अर्थ थोडा सरकून हाच शब्द मराठी रंगभूमीवर आला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगमंचावर आलं. नायिकेचं नाव भामिनी, आणि या संस्कृत शब्दाचा अर्थच रागावलेली स्त्री! बालगंधर्वांनी ती उभी केली. श्रीमंत घरातली ही मुलगी धैर्यधर या शूर पण निर्धन सेनापतीला नाकारते, वर त्याचा अपमान करते. पुढे वनमाला नावाच्या गरीब मुलीचं सोंग घेऊन ती त्याच्या जवळ वावरते, तेव्हा त्याचं शौर्य तिच्या लक्षात येतं. श्रीमंत लक्ष्मीधराचा भित्रेपणाही उघडा पडतो. धैर्यधर नाटकभर तोच राहतो. नाटक पुढे सरकतं ते भामिनीच्या नजरेमुळे.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) एलिझाबेथही डार्सीला आधी झिडकारते आणि त्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचून स्वतःची चूक ओळखते. तिथे मन पालटायला पत्र लागलं, खाडिलकरांना सोंग लागलं. गाथेतल्या बाईला एक क्षण पुरला. म्हणूनच या तिघींत ती सर्वांत धीट वाटते. आपलं मन कसं फिरलं, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते.

स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ‘गाथासप्तशती’ मराठी अनुवादासह प्रसिद्ध केली. पैठणला जाल तेव्हा ती सोबत न्या आणि गोदावरीच्या घाटावर बसून निदान दहा गाथा वाचा.