'इंडेंचर' शब्दाचें मूळ व त्याचे अर्थ

जुन्या इंग्रजी दस्तऐवजांचा संग्रह करणारांस 'इंडेंचर' हा शब्द पदोपदीं भेटतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील खरेदीखतें व भाडेपट्टे यांच्या शिरोभागीं तो ठळक अक्षरांनीं लिहिलेला असतो. त्यामुळें त्याचा अर्थ 'करारपत्र' एवढाच समजण्यांत येतो. परंतु त्याच्या मुळाशीं करार नसून दांत आहे.

लॅटिन 'डेन्स' (मूळ अंग 'डेन्ट्') म्हणजे दांत. आपला 'दन्त' त्याचाच सगोत्र. त्यापासून मध्ययुगीन लॅटिनांत 'इन्डेन्टारे', म्हणजे दांते पाडणें, हें क्रियापद झालें. तेंच जुन्या फ्रेंचांत उतरून त्यापासून 'एन्दान्त्यूर' हें नाम सिद्ध झालें, आणि नॉर्मन लोकांची फ्रेंच भाषा इंग्लंडच्या न्यायसभांत रूढ असल्यामुळें तें इंग्रजींत आलें. खांच किंवा खळगा या अर्थाचा 'डेंट' हा शब्द मात्र निराळा. तो 'आघात' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला आहे. उच्चारसाम्यामुळें पुढें दोहोंची सरमिसळ झाली.

आतां दांत्यांचें प्रयोजन पाहूं. एकाच चर्मपत्रावर एकच मजकूर दोनदां लिहीत, व मधल्या मोकळ्या जागेंत बहुधा 'कायरोग्राफम्' (मूळ ग्रीक अर्थ हस्तलेख) हा शब्द मोठ्या अक्षरांनीं घालीत. मग त्या अक्षरांतूनच चर्मपत्र कापून एकेक तुकडा एकेका पक्षास देत. प्रारंभीं हा छेद सरळ असे. पुढें तो नागमोडी किंवा दंतुर करण्याची चाल पडली. तंटा उपस्थित झाल्यास दोन्ही तुकडे जुळवावयाचे. कडा व तुटलेलीं अक्षरें बरोबर बसलीं म्हणजे दस्तऐवज खरा. अक्षराची नक्कल करणारा लबाड सांपडेल, परंतु दुसऱ्याच्या घरीं असलेल्या तुकड्याशीं आपली कड जुळविणें त्यास दुर्घट होतें.

इ. स. ११९५ मध्यें ह्यूबर्ट वॉल्टर याच्या कारकीर्दींत जमिनीच्या न्यायालयीन तडजोडींची तिसरी प्रत चर्मपत्राच्या तळाशीं लिहून राजाच्या खजिन्यांत ठेवण्याचा प्रघात पडला. तीस 'पाय' म्हणत! इ. स. १८३३ च्या कायद्यानें ही पद्धत रद्द होईपर्यंत सांचलेल्या अशा प्रती क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहेत. उलट, एकाच पक्षानें केलेल्या लेखाची कड सरळ कातरीत. म्हणून तो 'डीड पोल', म्हणजे जणू मुंडण केलेला लेख.

कालांतरानें दांते केवळ शोभेचे राहिले. दोन प्रती वेगळ्या चर्मपत्रांवर लिहून वरची कड नांवापुरती वळणदार कापीत, आणि इ. स. १८४५ च्या कायद्यानें तर दांत्यांवांचूनही इंडेंचर ग्राह्य ठरलें. तेव्हां उत्तरकालीन खतावरील नागमोडी कड पाहून त्याच्या खरेपणाविषयीं निश्चिंत होणें योग्य नव्हे. तेराव्या शतकांतील कड ही मात्र खुद्द पुरावा आहे. बांधणीच्या सोयीसाठीं ती कातरून साफ करणें म्हणजे पत्राची मोहर तोडून टाकण्यासारखेंच आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एवढ्यानें शब्दाचा प्रवास संपला नाहीं. उमेदवार कारागीर व उस्ताद यांच्यांतील करारास हेंच नांव होतें, सतराव्या शतकांत अमेरिकेंतील वसाहतींत कांहीं वर्षांच्या चाकरीच्या बोलीवर नेलेल्या इंग्रज नोकरांच्या करारासही तेंच लागलें, आणि इ. स. १८३४ पासून मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी मजुरांच्याही. त्या मजुरांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोक होते. उभय पक्षांनीं सारखाच तुकडा जवळ बाळगण्याची ही युक्ति. तिचेंच नांव अशा व्यवहारास पडावें, ज्यांत एका पक्षास करार वाचतांही बहुधा येत नसे! मजुरांनीं 'ॲग्रीमेंट'चें 'गिरमीट' केलें, आणि तो 'ॲग्रीमेंट' शब्दही मूळचा फ्रेंचच. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ही पद्धत बंद करण्याचा ठराव इ. स. १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत मांडला. तो नामंजूर झाला. मजुरांची रवानगी थांबली ती इ. स. १९१७ मध्यें.

मॉरिशसला गेलेल्या या मजुरांचीं नोंदणीपुस्तकें तेथील मोका गांवीं महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. कोंकणांतील घराण्यांच्या वंशावळी जुळविणारांनीं तीं अवश्य पाहावीं.