पाणी गळ्याशी आलं तेव्हा

२२ जुलै २०२१ हा दिवस महाडची कुठलीच बाई विसरणार नाही. सावित्रीचं पाणी घरात शिरलं, तशी मुलांना आणि सासूबाईंना घेऊन आम्ही गच्ची गाठली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. धान्य, गाद्या, लग्नाचा अल्बम, सगळं गेलेलं. त्यातच तळीयेची बातमी आली. दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली होती. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तीच वेळ आली. आपलं दुःख बोलायचीही लाज वाटावी, असे ते दिवस.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. ख्रिस्ती आहेत. आम्ही सगळ्या त्यांना सिस्टरच म्हणतो. त्यांचंही घर बुडालं होतं. रोज पहाटे त्या उंबऱ्यावर बसत, भिजून फुगलेलं बायबल उघडत, दोन ओळी वाचत आणि कितीतरी वेळ पुटपुटत राहत. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "सिस्टर, एवढं सगळं वाहून गेलं आणि तुम्ही देवाचे आभार कसले मानताय?"

"आभार कुठले गं? भांडतेय मी त्याच्याशी!"

त्यांनी मला ६९ वं स्तोत्र दाखवलं. त्याची सुरुवातच गळ्याशी आलेल्या पाण्याने आणि पायाखालच्या चिखलाने होते. मी चकितच झाले. हे तर आमचंच! बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत अशी गाऱ्हाणी कितीतरी आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही.

सिस्टरांची रीत अगदी साधी. एक छोटा उतारा घ्यायचा. सावकाश, ओठ हलवत दोन-तीनदा वाचायचा. जो शब्द मनाला लागेल तिथे थांबायचं, तोच घोळवायचा. मग त्यावरून देवाशी जे बोलावंसं वाटेल ते बोलायचं, तक्रारसुद्धा. शेवटी नुसतं गप्प बसायचं. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या ख्रिस्ती साधूने याच चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन. मननासाठी जो मूळ हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थच पुटपुटणं. पारव्याच्या घुमण्यालाही तोच शब्द. मला जात्यावर ओव्या म्हणणारी माझी आजी आठवली. तीही दुःख असंच दळून काढायची.

हे शब्द बायकांच्या घरात यावेत म्हणून झटली तीही एक मराठी बाईच, पंडिता रमाबाई. दुष्काळातल्या वणवणीत आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकामुलींचा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी जवळजवळ अठरा वर्षं खपल्या. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमाही गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून झालं.

त्याच पावसाळ्यात मदतीचं सामान घेऊन आम्ही पोलादपूरकडे गेलो होतो. घरची माणसं गमावलेली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मी सवयीने म्हणाले, "धीर धरा, देव आहे." ती उसळलीच, "ताई, त्याचं नाव काढू नका!" मला काही सुचेना. सिस्टरांनी पिशवीतलं बायबल बाहेर काढलंच नाही. तिच्याजवळ बसून एवढंच विचारलं, "त्याला काय सांगावंसं वाटतं?" मग ती बोलली. रडली. आपल्या ग्रामदेवतेला नाही नाही ते बोलली. आम्ही नुसतं ऐकलं. निघताना तिने आमच्यासाठी चहा टाकला.

परतताना सिस्टर म्हणाल्या, "तिचं स्तोत्र झालं आज." आणि लगेच त्यांच्यातली नर्स जागी झाली, "झोप लागते का, जेवते का, पुढच्या खेपेला बघू. नाहीतर डॉक्टरांकडे न्यायचं. मननाने औषधाचं काम होत नाही."

मी ख्रिस्ती नाही. पण आता पहाटे चहाआधी दहा मिनिटं मी तुकोबांची गाथा घेऊन अशीच बसते. तेही विठ्ठलाशी कमी का भांडलेत? आणि हो, दुःखातल्या बाईला "धीर धरा" म्हणायचं मी सोडलंय. आधी तिच्याजवळ बसते.