दुधाच्या प्लेटवरचं कडं

दूध पावडर घातलेली आगर-प्लेट पांढरीफटक असते. तिच्यावर स्यूडोमोनास एरुजिनोसाचा ठिपका ठेवून ती ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली, की दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती काचेसारखं आरपार कडं दिसतं. जिवाणूंनी सोडलेल्या प्रोटिएजनी, मुख्यतः इलॅस्टेजनं, दुधातलं केसीन पचवलेलं असतं. भाजलेल्या माणसाच्या जखमेत हेच इलॅस्टेज ऊती कुरतडतं. त्यामुळे कडं कितीही सुरेख आलं तरी मला त्याची धास्ती वाटते.

शेजारी लॅस-आय जनुक बिघडवलेल्या वाणाचा ठिपका असतो. वाढ तशीच भरघोस, पण कडं जेमतेम. त्याला निरोपाचा रेणू बनवता येत नाही. मूळ वाणाची प्रत्येक पेशी हा रेणू थोडाथोडा बनवते. संख्या वाढते तसा तो साचतो, पुरेसा साचला की लॅस-आर या प्रथिनाला चिकटतो आणि कितीतरी जनुकं चालू होतात. हेच क्वोरम सेन्सिंग.

पडताळून पाहायचं तर पायोसायनिन या रंगद्रव्यानं हिरवंनिळं झालेलं मूळ वाणाचं कल्चर सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. गाळलेल्या द्रवात जिवाणू नसले तरी इलॅस्टेज असतंच, म्हणून निरोप इथिल अ‍ॅसिटेटनं वेगळा काढावा लागतो. द्रावक उडालं, की बाटलीच्या तळाशी अर्काचा पुसट थर उरतो. तो लॅस-आय बिघडलेल्या वाणाला दिला की कडं उमटतं. लॅस-आर बिघडलेला वाण मात्र त्याला दाद देत नाही.

इलॅस्टेज टाइप २ सिक्रीशन सिस्टिम या पेशीबाहेर प्रथिनं सोडणाऱ्या यंत्रणेतून बाहेर पडतं आणि दाटी झाली की तीही वाढते. माणसाच्या पेशीत थेट विष टोचणारी टाइप ३ सिक्रीशन सिस्टिमची सुई मात्र क्वोरम सेन्सिंगमुळे दबते. मला या विषयातलं सर्वात विलक्षण वाटतं ते हेच.

कॉलऱ्याच्या जिवाणूची तऱ्हा आणखी निराळी. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या कामात या जिवाणूच्या कल्चरच्या जिवाणूविरहित गाळलेल्या द्रवानंच सशाच्या आतड्यात पाणी साचवून दाखवलं होतं. त्या द्रवातलं कॉलऱ्याचं विषही टाइप २ मधूनच येतं, पण आतड्यात गर्दी झाली की हॅप-आर प्रथिन विषाची निर्मिती थांबवतं आणि जिवाणूला सुटून बाहेर पडायला मदत करणारं प्रोटिएज वाढवतं.

म्हणूनच ‘जिवाणूंचं बोलणं बंद पाडणारं औषध’ असं कुणी सरसकट म्हणालं, की मी आधी जिवाणूचं नाव विचारते. स्यूडोमोनासमध्ये त्यानं इलॅस्टेज कमी होईल, पण सुईवरचा दाबही सुटू शकतो. आणि कॉलऱ्यात तर विष थांबवणारा इशाराच आपण बंद करून बसू.