धानाला नाव, नावाला पत्ता : सुगंधी तांदळाच्या उद्योजकाची ऑनलाइन ओळख

छत्तीसगडमध्ये आधारभूत किंमत आणि राज्य शासनाचे साहाय्य मिळून २०२३-२४ च्या खरेदी हंगामापासून धानाला प्रति क्विंटल ३,१०० रुपये दर मिळू लागला. खरेदीची मर्यादा एकरी २१ क्विंटल ठरविण्यात आली. या व्यवस्थेने शेतकऱ्याला मोठी शाश्वती दिली. परंतु आधारभूत खरेदीत धानाच्या दोनच प्रती मानल्या जातात, ‘साधारण’ आणि ‘अ’. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग किंवा जीराफूल यांच्या सुगंधासाठी तेथे वेगळा भाव नसतो. खरेदी केंद्रावर पोते रिकामे झाले की वाणाचे नावही तेथेच संपते.

याचा आर्थिक अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अधिक उत्पादन देणाऱ्या वाणापासून एकरी २० क्विंटल धान मिळाले, तर ६२,००० रुपये हाती येतात. पारंपरिक सुगंधी वाण उंच वाढणारे, उशिरा पक्व होणारे व लोळणारे असल्याने त्यांचे उत्पादन कमी असते. ते एकरी १० क्विंटल आणि भरडाईनंतर प्रति क्विंटल ६० किलो अखंड तांदूळ असे धरल्यास ६०० किलो तांदूळ मिळेल. तेवढीच रक्कम मिळविण्यासाठी तो किलोमागे सुमारे १०३ रुपयांना विकला गेला पाहिजे. भरडाई, पॅकिंग व वाहतुकीचा खर्च याहून वेगळा.

हा दर देणारा ग्राहक रायपूर, नागपूर किंवा पुण्यात असतो. त्याने शेत पाहिलेले नसते आणि बाजारात ‘दुबराज’ नावाने विकला जाणारा प्रत्येक तांदूळ दुबराज नसतो, हेही तो ऐकून असतो. म्हणूनच सुगंधी तांदळाच्या उद्योजकासाठी ऑनलाइन ओळख ही केवळ जाहिरात ठरत नाही. आपण कोण, माल कोठला आणि तक्रार असल्यास उत्तर कोण देणार, हे ग्राहकाला पडताळून पाहता येणे, हाच तिचा मुख्य हेतू होय. ही ओळख निर्माण झाली नाही, तर कमी उत्पादनाचे वाण पेरण्याचे कारणच उरत नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केले आहेत. पण शेतातील जतन बाजारभावावरच अवलंबून राहते.

वाणाचे नाव सर्वांचे, उत्पादकाचे नाव स्वतःचे

धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही नोंदणी बगरूमनाला गावातील महिला स्वसहायता गटाच्या पुढाकारातून झाली. सरगुजाच्या जीराफूलला हे मानांकन २०१९ मध्येच लाभले होते. महाराष्ट्रात आजरा घनसाळ व भंडारा चिन्नोर ही याच प्रकारची उदाहरणे आहेत. चिन्नोरचे मानांकन शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याकडेही आहे. त्यामुळे नुसते ‘चिन्नोर’ असे लिहिल्यास माल कोणत्या जिल्ह्याचा, हे ग्राहकाला कळत नाही.

मानांकन ही सामूहिक मालमत्ता आहे. १९९९ च्या कायद्यानुसार ते नाव वापरण्यासाठी उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी झाल्यावर तिचा तपशील पाकिटावर आणि ऑनलाइन माहितीत ठळकपणे द्यावा. नोंदणी नसताना मानांकनाचे बोधचिन्ह वापरू नये.

वाणाची नेमकी ओळख देणेही तितकेच महत्त्वाचे आहे. कृषी विद्यापीठ व भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी दुबराजपासून ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१’ हा वाण विकसित केला आहे. आपला तांदूळ पारंपरिक दुबराजचा की या सुधारित वाणाचा, हे उद्योजकाने स्वतःहून सांगावे. दोन्हींची विक्री प्रामाणिकपणे करता येते. मात्र एकाच्या नावाखाली दुसऱ्याची विक्री उघड झाल्यास गमावलेला विश्वास परत मिळत नाही.

ओळख उभारण्याचा क्रम

प्रथम एकच नाव निश्चित करावे. पाकीट, बिल, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गुगलवरील व्यवसाय नोंद आणि पैसे स्वीकारण्याचे खाते या सर्व ठिकाणी तेच नाव व तोच पत्ता असावा. पाकिटावर एक नाव आणि पैसे देताना पडद्यावर दुसरेच नाव दिसल्यास नवा ग्राहक साहजिकच थांबतो.

दुसऱ्या टप्प्यात गुगलवर व्यवसायाची नोंद करून तिची पडताळणी पूर्ण करावी. ही सेवा विनामूल्य आहे. भरडाई केंद्र किंवा विक्रीस्थान, वेळ, दूरध्वनी व छायाचित्रे तेथे द्यावीत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील कॅटलॉगमध्ये प्रत्येक मालाचे वजन, दर, पिकाचे वर्ष आणि तांदूळ नवा की जुना, हे लिहावे.

तिसऱ्या टप्प्यात शक्य असल्यास स्वतःचे छोटे संकेतस्थळ करावे. ‘.भारत’ या डोमेनमुळे २०१४ पासून संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीतही घेता येतो. समाजमाध्यमांचे नियम बदलतात, खाती बंद पडतात; स्वतःच्या पत्त्यावरील माहिती आणि ग्राहकांची नोंदवही मात्र आपल्याच ताब्यात राहते.

काय दाखवावे

धानाचे पीक हंगामाबरोबर बदलत जाते. त्याच क्रमाने माहिती द्यावी. रोपवाटिका, रोवणी, फुलोरा, कापणी, वाळवणी व भरडाई या प्रत्येक अवस्थेचे एक छायाचित्र किंवा एक मिनिटाची चित्रफीत, गावाचे नाव व दिनांकासह पुरेशी आहे. वर्षभरात अशा आठ-दहा नोंदी झाल्या तरी पुढील हंगामातील ग्राहकाला संपूर्ण वर्ष एकत्र पाहता येते. उसन्या छायाचित्रांपेक्षा स्वतःच्या बांधावरून बोलणारा उत्पादक अधिक विश्वासार्ह वाटतो. स्थानिक ग्राहकांसाठी हिंदी किंवा छत्तीसगडी, तर विदर्भ व पश्चिम महाराष्ट्रासाठी मराठी वापरावी. तांदूळ भिजवण्याचा वेळ आणि पाण्याचे प्रमाण सांगणारी नोंदही उपयुक्त ठरते, कारण ती ग्राहकाच्या स्वयंपाकघरातील अडचण सोडविते.

कायद्याच्या मर्यादा

पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. ऑनलाइन विक्रीतही ही माहिती दर्शवावी लागते. त्यासोबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक द्यावा. प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ हा शब्द आणि आधाराशिवाय ‘मधुमेह बरा होतो’ यांसारखे दावे टाळावेत. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी मनाई केली आहे. प्रतिकूल अभिप्राय आल्यास तो न लपविता त्याच ठिकाणी सौम्य व नेमके उत्तर द्यावे. तुकडा जास्त निघाल्याची तक्रार मान्य करून माल बदलून दिल्याची नोंद इतर ग्राहकही वाचतात.

सुरक्षितता व सातत्य

पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा ग्राहक फसवणूक करीत आहे, हे निश्चित समजावे. आधार क्रमांक, बँक पासबुक किंवा सातबारा, बी-१ यांसारखी कागदपत्रे सार्वजनिकरीत्या टाकू नयेत.

गटाचे खाते अनेकदा एखाद्या तरुण सदस्याच्या वैयक्तिक क्रमांकावर उघडलेले असते. तो सदस्य नोकरीसाठी बाहेर गेल्यास वर्षानुवर्षे जमविलेली ओळख हातातून निसटते. म्हणून गटाच्या नावे स्वतंत्र सिम घ्यावे, किमान दोन व्यक्तींकडे व्यवस्थापनाचे अधिकार ठेवावेत आणि पासवर्डची नोंद बंद लिफाफ्यात गटाच्या दप्तरी ठेवावी.

दुबराजचे पीक साधारणतः नोव्हेंबरअखेर हाती येते आणि त्यानंतरच विक्रीला सुरुवात होते. ओळख उभारण्याचे काम मात्र रोवणीपासूनच सुरू करावे. सुरुवातीला एका एकराचा तांदूळ थेट ग्राहकांना विकावा, उरलेले धान नेहमीप्रमाणे खरेदी केंद्रावर द्यावे आणि हंगामाअखेर दोन्हींचा हिशेब ताडून पाहावा. पुढील वर्षी सुगंधी वाणाखाली किती क्षेत्र ठेवायचे, याचा निर्णय त्या हिशेबावरूनच घेणे हिताचे ठरेल.